स्वतःच्याच दुकानातलं गिऱ्हाईक

नांदेडात कूलर विकणाऱ्या चाचांचं जीएसटीचं काम मी बघतो. "दुकानातला माल घरी नेला, तर त्यावरचा कर आपल्यालाच भरावा लागतो," असं मी एकदा बोलून गेलो. तेव्हापासून साधा बल्ब न्यायचा तरी चाचा काउंटरबाहेर येऊन गिऱ्हाईक होतात, मग आत जाऊन स्वतःच्याच नावानं बिल फाडतात.

परवा घरी कूलर हवा होता. बाहेर उभं राहून चाचा म्हणाले, "लई महाग हाय. कमी करा की."

मग आत जाऊन गल्ल्यावर बसले. "न्हाई परवडत. दुसरीकडं बघा!"

पुन्हा बाहेर आले ते लालबुंद होऊनच. मला हसू आवरेना.

"हसून काय राहिले, वकीलसाब? गिऱ्हाईकाशी बोलायची ही रीत हाय?"

आणि तरातरा रस्ता ओलांडून चाचांनी समोरच्या दुकानातून कूलर आणला.