बोअरवाल्याची नदी

लातूरचे नळ आटले त्या वर्षी आमच्या गल्लीत एकाचीच चैन होती, समोरच्या बोअरवाल्याची. जमीन जितकी कोरडी पडेल तितकी त्याची बोअरची गाडी जास्त फिरायची. बोलताना तो मधूनच टाच आपटायचा, खाली पाणी आहे का ते बघत असल्यासारखा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो बायकोपोरांना घेऊन परदेशात गेला. तिथं गाइडबरोबर रबरी होडीतून उसळत्या नदीत फिरला आणि उन्हानं नाक सोलवटून परत आला. टँकरच्या रांगेत सगळ्यांनी त्याचे फोटो बघितले. मी मुद्दाम घागर घासत राहिलो.

"सर, पोरीला बी न्या की एकदा," टाच आपटत तो म्हणाला. "लई मजा येती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी पाणी घेऊन आलो, तर अंगणात माझी सहा वर्षांची लेक कोरड्या टपात झाडू घेऊन बसलेली. बोअरवाला समोर उकिडवा बसून टप गदागदा हलवत ओरडत होता, "लाट आली! वाका! डावीकडं मारा, डावीकडं!"

पोर हसून हसून बेजार झाली होती. माझ्याजवळ ती इतकी कधीच हसली नव्हती.

मी घागरी दारातच टेकवल्या. तोवर मला फक्त त्याच्या परदेशाचा हेवा वाटत होता.