'पारंपरिक' या शब्दाची जवारी

दुपारचे साडेतीन. बेल्जियममधल्या गेंट शहरात, तिसऱ्या मजल्यावर, वाउटर सोफ्यावर आडवा झालाय. पोटावर गिटार, गिटारवर कागद. डोळे मिटतात, उघडतात, मिटतात आणि मग उघडायचं विसरतात.

कागद म्हणजे त्याच्या नव्या अल्बमच्या वेष्टनाचा शेवटचा नमुना. पाचच्या आत 'ठीक आहे' असं कळवलं की छपाई सुरू. गेंटमध्ये बसून ब्लूज, म्हणजे मिसिसिपीच्या काठचं दुःख, गाणारा हा एक्कावन्न वर्षांचा गृहस्थ. स्वतःचं असं खास दुःख नाही, त्यामुळे आधीचे आठ अल्बम बेतास बात निघाले. नववा चांगला झालाय. आणि ज्या एका गाण्यामुळे तो चांगला झालाय, त्या गाण्यापुढे छापलंय: 'चाल आणि मुखडा – पारंपरिक'. तीन रात्री त्या शब्दानं त्याला झोपू दिलं नाही. आता मात्र झोप लागतेय.

डोक्याखालचा सोफ्याचा हात टणक लागतो. कारण तो भोपळा आहे.

भोपळे भिंतीवर टांगलेत, खाटेखाली रचलेत, दारातून गल्लीपर्यंत गेलेत. मिरज. मधोमध मांडी घालून बंदूचाचा, ज्याच्या दुकानात वाउटर एकदा महिनाभर बसला होता, तंबोऱ्याची तारांखालची घोडी कानशीनं घासतोय. चाचा दोन वर्षांपूर्वी वारला. तसा पुतण्याचा एका ओळीचा निरोप आला होता, आणि वाउटरनं जोडलेल्या हातांचं एक चित्र परत पाठवलं होतं.

"ये वाटर, बस," चाचा मान वर न करता म्हणतो. 'वाउटर' हे नाव मिरजेत एकच दिवस टिकलं होतं.

वाउटर बसतो. चाचाचं बोलणं त्याला सगळं कळतंय आणि त्यालाही बोलता येतंय. ही सोय चाचाच्या जिवंतपणी नव्हती. पहिल्या दिवशी त्यानं गिटारला 'ज्वारी पाहिजे' असं सांगितलं, तेव्हा चाचानं त्याला सरळ समोरच्या वाण्याकडे धाडलं होतं. तो दोन किलो घेऊन आला. मग गल्लीतली माणसं हसून झाल्यावर चाचानं दाखवलं: घोडीचा माथा केसाकेसानं घासत न्यायचा, तार त्याच्यावर हलकी टेकून झणझणायला लागली की तिची जवारी उघडली.

"अल्बम कितवा?"

"नववा."

"आठ होईपर्यंत कुनी अडवलं न्हाई तुला?"

"तिकडे लोक सभ्य आहेत चाचा."

चाचा हसतो, आणि घासता घासता नेहमीचंच गुणगुणायला लागतो: बोल गं, एकदा तरी बोल गं. वाउटरनं तेव्हा हेच टेपवर घेतलं होतं आणि त्यावर सात मिनिटांचं गाणं बांधलं होतं. घर सोडून गेलेली बाई, रिकामी खुर्ची, स्टेशन.

तेच गाणं आता कुठूनतरी ऐकू येतं. दोघं गेंटच्या नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसलेत. मागच्या सगळ्या खुर्च्यांत भोपळे आहेत, नीट, तिकीट काढून बसल्यासारखे. रंगमंचावर दुसरा वाउटर डोळे मिटून गातोय.

"ह्यात बाई कुटनं आली?" चाचा कुजबुजतो.

"तुम्हीच तर म्हणत होता, बोल गं."

"तारेला म्हनत हुतो मी. तार बोलत न्हवती."

वाउटर खुर्चीत खाली सरकतो. मग घाईघाईनं म्हणतो, "म्हणजे कारागिरांचं जुनं गाणंच ना? म्हणूनच मी पारंपरिक लिहिलं."

"कोन कारागीर? आमच्यात घासताना कोन गात न्हाई. आवाज ऐकायचा असतो, गाईल कशाला? मीच येकटा. लोक नावं ठेवायचे."

"मग तुम्ही का?"

चाचा रंगमंचाकडे बघतो. रंगमंचावरचा वाउटर गातोय, पण आवाज कानशीचा येतोय.

"जैनब गेली," चाचा म्हणतो. "त्याच्या आधी तीन म्हयने तिची वाचा गेलेली. मी रोज उशाशी बसून तेवढंच म्हनायचो. नंतर तोंडात बसलं. तार काय, निमित्त." मग तो म्हणतो, "बायको माझी गेली, वाटर. परंपरेची न्हाई."

भोपळ्यांतलं कुणीतरी खोकतं.

"तुमचं नाव लिहायला हवं होतं," वाउटर म्हणतो. "पण मला नुसतं बंदूचाचा माहीत होतं."

"दुकानावर पाटी हुती की येवढी मोठी."

"पाटी मराठीत होती."

"मग काय तुझ्या भाषेत लावू? म्हयनाभर पाटीखाली बसून च्या प्यालास. कुनाला बी इचारायचं." चाचा हात पुढे करतो. "बंदेनवाज मकबूल सतारमेकर. आन तो कागद इकडं."

आता ते सोफ्यावर आहेत, चाचा पायांशी. तो कागद मांडीवर घेतो आणि कानस चालवायला लागतो, मागे-पुढे, मागे-पुढे, मधूनच कान लावून.

"शब्दाला काय ऐकताय?"

"बंद हाय," चाचा म्हणतो. "थांब, उघडतो."

वाउटर जागा होतो. पाचला दहा कमी. फोन वाजतोय.

"ठीक आहे म्हणू ना?" रेकॉर्ड कंपनीतली बाई विचारते. तिला घरी जायचंय.

वाउटर कागद उचलून खिडकीकडे धरतो. सगळी गाणी जागच्या जागी आहेत. एका ठिकाणी मात्र कागद घासून घासून आरपार गेलाय, एका शब्दाएवढा, कडेला बारीक पांढरा कीस. तिथून समोरच्या इमारतीवरचं आभाळ दिसतं.

"एक दुरुस्ती आहे," तो म्हणतो. "'पारंपरिक' काढायचं."

"आणि तिथं काय?"

"तिथं कागद राहिलेला नाही. बाजूला लिहून पाठवतो."

"आज छापायचंय, वाउटर."

"उद्या छापू."

तो पेन शोधतो आणि लिहायला बसतो. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत लिहितो. नाव लांब आहे. समासात मावत नाही. शेवटचं 'मेकर' खालच्या ओळीवर, वाउटरनं एकट्यानं लिहिलेल्या गाण्यावर जातं. तो ते तसंच राहू देतो.