दोन बोटांच्या मधलं

आठवीतून शाळा सोडून मी सुरतेला कापडाच्या मागावर कामाला लागलो, तो अजून तिथंच आहे. लेक जळगावच्या दवाखान्यात झाली तेव्हा उशिराच पोचलो. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि करंगळीशेजारचं, दोन्ही कातडीनं जोडलेली होती.

आमच्या गावाहून, पहूरहून आलेली माझी आई खाटेकडे पाठ करून बसलेली. सुनेनं जुळं केळं खाल्लं म्हणून बोटं जुळली, हे तिचं ठरून गेलं होतं. माझे सासरे केळीच्या गाड्या भरतात. जुळी केळी व्यापारी घेत नाही, ती घरी येतात. बोटं सुटी होईपर्यंत पोरीला आजोळीच राहू दे, बारसंही तिकडंच होऊ दे, असं आईनं मला जिन्यात नेऊन सांगितलं.

बायको म्हणाली, "खाल्लं होतं मी एक. त्यानंच झालं का?"

मी उठून डॉक्टरांना विचारायला गेलो.

डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेत. बाहेर एवढी रांग असून त्यांनी मला बसवून सांगितलं. पोटात आधी पंजा सलग असतो, वल्ह्यासारखा. मग बोटांमधल्या पेशी मरतात, म्हणून बोटं सुटी होतात. मरायचा हुकूम आईबापांकडून आलेल्या जनुकांतच असतो. इथं दोन बोटांच्या मध्ये तो नीट पोचला नाही.

जन्माच्या आधीच मरण? आणि मरायचं होतं ते जगलं, हे चांगलं की वाईट? त्या पेशींना दुखतं का, असंही मी विचारून बसलो. बाई हसल्या नाहीत. "चप्पल काढा बरं," म्हणाल्या.

माझ्या पायाची अंगठ्याशेजारची दोन बोटं जोडलेली आहेत. लहानपणी आई ती पाहुण्यांना दाखवायची, लक्ष्मीची खूण म्हणून. बाई म्हणाल्या, हे तुमच्याकडूनच आलं असणार. पुढं ऑपरेशन करून बोटं सुटी करता येतात. केळ्याचा काही संबंध नाही.

आईला सांगताना माझा पार गोंधळ उडाला. पेशी, हुकूम, वल्हं, सगळं उलटसुलट. शेवटी तिच्यापुढं नुसता पाय ठेवला.

तिनं वाकून ती बोटं पाहिली. मग हळूच म्हणाली, "मंग म्या काय खाल्लं व्हतं?"

काही नाही, आई. हे मी बोललो की मनातच राहिलं, आठवत नाही. माझ्याकडं ते कुठून आलं, हेही मला अजून कळलेलं नाही.

ती उठली, सुनेला "सरक थोडी" म्हणाली आणि खाटेवर बसून बाळाचा हात चाचपू लागली. बारसं पहूरलाच करू, हे ती बाळालाच सांगत होती.