भिंतीतनं पार होनारा हमाल

त्या दिवशी तितं आमी पाच जन हुतो. मी, माझी धाकली जाऊ, तिचा मालक म्हंजे माझा दीर, त्यो मिल्ट्रीतनं पेन्शनीत येऊन लय वर्सं झाली, त्येंचा पुन्यातला ल्योक, आनि माझी नात. नात म्हंजे लेकीची पोरगी. सांगलीला कालिजात जाती नि माझ्यापाशी ऱ्हाती. आनि कुनी न्हवतं. मी चौथी शिकल्याली. मी बोलले तसं नातीनं लिवलंय.

गावची जत्रा झाली, त्येच्या दुसऱ्या दिशी जावंच्या घरी मटनाचं जेवान हुतं. तिचं घर माझ्या घराला लागून. पयलं दोन्ही मिळून एकच कौलारू घर हुतं. तिनं तिचा भाग पाडला नि स्लॅबचा बांदला. गुळगुळीत फरशी, भिंतभर टीव्ही. मी माझ्या भागाची फुटल्याली कौलं बदलली नि चुना मारला, झालं. मला तिचं बघवत न्हाई. पयल्यापासनंच न्हाई. आता ह्या वयात खोटं कशाला बोलू.

माझं म्हायेर आटपाडीकडचं. तितं पानी कमरंवरनं वाहून आनायचं. हितं पलूसकडं लगीन हून आले तवा वाटलं, उसाचा गाव, सुख आसंल. धाकली तीन वर्सांनी आली, तिचा नवरा मिल्ट्रीत. त्यो सुट्टीला आला की घरात काय ना काय नवं यायचं. एकदा दिल्लीच्या बाजारातनं त्येनं पोरांस्नी टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन आनलं. त्येच्यात वरनं कॅसेट खुपसायची. कॅसेट एकच हुती. त्येच्यात डोक्यावर लाल वझं घेतल्याला यवढासा गडी किल्ल्याच्या पायऱ्या चढत वर वर जायाचा. पोरं त्येला हमाल म्हनायची. माझा ल्योक नि जावंचा ल्योक, दोगं मांडीला मांडी लावून बसायची. माझा ल्योक दोन वर्सांनी मोठा.

मंग भावाभावांची वाटनी झाली. पंच बसलं. भांडी मोजून निम्मी, म्हशी एकेक, पाटा हिकडं तर वरवंटा बी हिकडंच का म्हनून आर्धा दिस वाद. शेवटाला गेमचं मशीन निघालं. एक पंच म्हनला, "मशीन धाकट्याला, कॅसेट थोरल्याला." सगळ्यांनी माना हालवल्या. कुनाला म्हाईत, एकाबिगर दुसरं चालत न्हाई! आमास्नी म्हाईत हुतं. पर जाऊ बी गप ऱ्हायली नि मी बी. तिला वाटलं मशीन मोठं हाय. मला वाटलं, आता माझ्याबिगर तिचं चालत न्हाई.

घराच्या मदी भिंत घातली. तुळईपत्तरच घातली. वर कौलाखाली दीड हात मोकळं ठेवलं, चुलीचा धूर जायाला.

दुसऱ्याच वर्साला माझं मालक गेलं. ताप हुता, टायफाड म्हनलं. मी दुसऱ्याच्या रानात तन काडायला, भांगलायला जाऊ लागले. सकाळी गेले की दिस बुडून कडूस पडल्यावर यायची. माझा ल्योक शाळा सुटली की शेन काढायचा, मंग कॅसेट घिऊन जावंकडं जायाचा. एक दिस परत आला, त्वांड उतरल्यालं. म्हनला, "काकी म्हनली, हात धुवून बस, मशीनला शेनाचा वास येतोय."

मी उठले. कॅसेट घेतली नि ज्वारीच्या पिपात तळाला घातली. वरनं ज्वारी वतली. लेकाला म्हनलं, हारवली. त्यो रडला न्हाई. मला वाटलं शाना हाय. वरीसभर कॅसेट पिपात हुती. जावंचं पोरगं दारात येऊन इचारायचं, "थोरली आई, घावली का?" मी म्हनायची, "न्हाई रं." आनि मला आतनं बरं वाटायचं. ते बी सांगते.

म्होरं ल्योक शिरवळला कंपनीत लागला. फटफटी घेतली. हायवेवर ट्रक लागला, त्यो गेला. यवढंच. मी तवापासनं सादं जेवते, सादं बोलते, काम करते. पर एक बोच ऱ्हायली. त्येच्या खेळायच्या दिसातलं एक वरीस मी ज्वारीत गाडलं. जावंवर जळून त्येचं वरीस खाल्लं.

तर आता त्या दिवसाचं. जेवनं झाली नि पुतन्या म्हनला, "थोरली आई, बसा, गंमत दाखवतो." त्येची कंपनी पुन्यात गेम करती, भायेरदेशातली कामं घिऊन. त्येनं भिंतभर टीव्ही लावला. हमाल! पर आता त्येला त्वांड हुतं. कपाळावर घाम, पायऱ्या चढताना धाप, मागं खरा पाऊस पडल्यावानी पाऊस. किल्ल्याच्या दगडाला शेवाळ. दीड वरीस पुतन्या त्येच्यावर काम करत हुता. खरं सांगते, लय चांगला क्येलाय. म्हनूनच जास्त जळले. हमाल बी नव्यानं उभा क्येला जावंच्याच पोरानं!

जाऊ म्हनली, "बघा आक्का, माझ्या लेकानं म्हातारा गेम जवान क्येला."

माझी नात पयल्यापासनं आगाव. ती म्हनली, "मामा, तुमी गेम नवा क्येलाय का दुसराच क्येलाय?"

"अगं, जुन्यात होतं काय? चार रंग. आजची पोरं ढुंकून बघणार नाहीत."

"मंग नुस्ता साफ करून द्यायचा. रेषा नीट, रंग नीट, बाकीला हात लावायचा न्हाई. माझ्या मोबाईलवर तसला हाय की, तुमच्याच ह्या गेमचा."

"त्याला काय अक्कल लागते? धूळ पुसली की झालं."

"आनि तुमच्यात पयला तासभर हमालाची कानीच ऐकायची! त्येचा बा कसा मेला नि आय कशी रडली. आवं मामा, खेळायचं कवा?"

दीर आरामखुर्चीत डोळं झाकून पडलं हुतं, तितनंच म्हनलं, "बंदूक नवी देऊ द्या, पर घोडा जुन्याच जागी पायजे. बोट चुकलं की मानूस गेला."

सगळी हसली. मी न्हाई हसले. माझं ध्यान टीव्हीकडं. हमाल चौथ्या मजल्यावर आल्ता. तितं भिंत हाय. समूरनं जायचं तर आग, वरनं दगडं. पर माझ्या लेकाला एक वाट म्हाईत हुती. डाव्या कोपऱ्यात जायाचं, एक पायरी उलटं उतरायचं नि दोनदा उडी मारायची, की हमाल भिंतीत शिरून पलीकडं निघायचा. ल्योक बारकेपनी आजारी असताना आतरुनात बोटं हालवून मला दावायचा. मला काय कळायचं न्हाई, मी व्हय व्हय म्हनायची.

मी म्हनलं, "त्यो कोपरा बघ की रं."

पुतन्यानं हमाल कोपऱ्यात नेला. उलटा उतरवला. दोन उड्या. हमाल भिंतीला थडकला नि खाली पडला.

"गेली ती वाट," त्यो म्हनला. "चुकांची यादी असते थोरली आई, त्यात होती. कंपनीतल्या दुसऱ्या पोरांनी काढून टाकली."

"तू काय म्हनला न्हाईस?"

त्येनं हमाल परत पायरीवर चढवला.

तेवढ्यात जाऊ नातीला म्हनली, "ती वाट माझ्याच पोरानं शोधल्याली गं, बारकं असताना."

माझ्या कानात गरम झालं. घर घ्या, टीव्ही घ्या, पोरगं जित्तं हाय, ते बी तुजंच. तेवढं एक तरी माझ्या लेकाचं ठेव की! आसं मनात म्हनत मी पुतन्याकडं बघत बसले, त्यो काय म्हनतोय.

त्यो म्हनला, "न्हाई आये. दादानं शोधली. त्या वर्साला."

"कुटल्या वर्साला?" मी इचारलं.

पुन्याची भाषा सोडून त्यो आमच्यागत बोलाय लागला. "कॅसेट तुमच्या ज्वारीच्या पिपात हुती त्या वर्साला. दादाला पयल्याच आठवड्यात घावली. तुमी रानात गेला की त्यो पिपावर चढायचा, तुळईवरनं आमच्याकडं उतरायचा. तुमी यायच्या आत परत कॅसेट तळाला."

"तू तर दारात यायचास, घावली का म्हनून!"

"ते दादानंच शिकवल्यालं. न्हाई इचारलं तर माझ्या आईला संशय येतोय म्हनायचा."

मी जावंकडं बघितलं. तिला म्हाईत हुतं. तिच्या तोंडावरच दिसत हुतं.

"केसात ज्वारीचं दानं घिऊन उतरायचा आक्का," ती म्हनली. "मी झाडून द्यायची. शेंगदान्याची चटनी नि भाकरी खायाचा. दूध न्हाई प्याला कवा."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी दुसरीकडं लपवली असती की."

लपवली असती. तिचं खरं हाय.

वरीस वाया गेलं न्हवतं, हे कळलं तवा छातीवरचं वझं उतरायला पायजे हुतं. उतरलं बी जरा. पर त्येच्या जागी दुसरं बसलं. तिनं माझ्या लेकाचं क्येस झाडल्यात. त्यो हसताना तिनं बघितला वरीसभर, आनि मी त्येच टायमाला लोकांच्या रानात लव्हाळा उपटत हुते. घराचं नि टीव्हीचं जळनं काय बी न्हवतं. जळनं ह्ये.

मी पुतन्याला इचारलं, "वाट घावली तवा त्यो काय म्हनला?"

"म्हनला, आयला, गेला की रं आत!"

त्यो गेल्यापासनं त्येचं नवं काय माझ्या कानावर आलं न्हवतं. त्या दिशी तेवढं आलं.

नातीनं मोबाईल काडला. त्येच्यात जुनाच हमाल, त्वांड नसल्याला, नुस्ता चकचकीत क्येल्याला. पुतन्यानं दोन्ही हातात धरला, चौथ्या मजल्यावर गेला, डावा कोपरा, एक पायरी उलटी, दोन उड्या. हमाल भिंतीत शिरला नि पलीकडं निघाला. पुतन्या लय वेळ मोबाईल खाली ठेवीना. मी मागून घेतला.

नातीनं त्यो गेम माझ्या मोबाईलात बी घालून दिला. माझी बोटं वाकडी झाल्यात. आठ दिस लागलं शिकायला. आता मला येतंय. दुपारचं कोन नसलं की हमालाला एकदा पार करते नि मोबाईल ठेवून देते. जाऊ परवा म्हनली, "आक्का, मला बी दावा की." मी म्हनलं, बघू.

जी कोन मानसं जुनं गेम पुन्ना करत्यात, त्येंच्यापत्तर ह्ये गेलं तर बरं. नवं करा, चांगलं दिसतंय, मी न्हाई म्हनत न्हाई. पर शेजारी जुना हाय तसा ठेवा. आनि चौथ्या मजल्यावरची भिंतीतली ती वाट तुमच्या यादीत आली, तर तेवढी बुजवू नका.