एक हात की दोन

मी हे लिहावं की नाही, ते मला अजून नीट कळलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. वडिलांची हयात मिठागरात गेली, आईला सही करतानाही शेजारी कोणीतरी उभं राहावं लागतं. लिहिणं हे आमच्यात कोणी केलेलं काम नाही. शिवाय ही गोष्ट माझी नाही, ताईची आहे आणि थोडी भावोजींची. दोघांनाही विचारलं. ताई म्हणाली, "लिही, पण नावं घालू नको." भावोजींनी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे मला समजलं नाही. मी हो धरून चाललो आहे. चुकत असेन तर माफी असावी.

भावोजी कबड्डीपटू. रोह्याकडच्या एका कंपनीने त्यांना खेळाडू म्हणूनच नोकरीत घेतलं होतं. नावाला शिफ्ट, बाकी सगळा दिवस मैदानावर. कंपनीच्या संघातून ते राज्यभर खेळायचे. आमच्या भागात अशा माणसाला रस्त्यात अडवून चहा पाजतात.

ताईने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच गावच्या सामन्यात. कासू स्टेशनापासून जवळच आमचं गाव, भातकापणी झाली की शेतात मैदान आखतात. त्या दिवशी शेवटची चढाई चालू होती. समोरचा गडी आला, सगळ्यांना हुलकावणी देऊन परत गेला, कोणालाच लागला नाही असं पंचांनी ठरवलं. तेवढ्यात भावोजींनी एक हात वर केला आणि मैदानाच्या बाहेर जाऊन बसले. त्या गड्याचं बोट त्यांच्या बनियनला लागलं होतं. कपड्याला लागलं तरी बाद, हा नियम सगळ्यांना माहीत. पण पंचांना दिसलं नव्हतं, आम्हाला कोणालाच दिसलं नव्हतं. त्या एका गुणाने त्यांचा संघ हरला. लोकांनी हरलेल्या माणसाला खांद्यावर घेतलं. ताई तेव्हा जोहे गावच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी करायची. रात्री जेवताना ती आईला म्हणाली, "असा माणूस घरात खोटं बोलणार नाय."

लग्नानंतर काही वर्षं बरी गेली. मग त्यांचा गुडघा गेला. तरी संघाला ते हवेच होते, म्हणून प्रत्येक सामन्याआधी इंजेक्शन. इंजेक्शन उतरलं की दुखायचं, म्हणून गोळ्या. गोळ्यांनी झोप लागेना, म्हणून दारू. हे सगळं मी एका ओळीत लिहिलं, पण ते असं ओळीने झालं नसणार. आम्हाला कळलं तेव्हा ते झालेलं होतं.

ताई एका दुपारी रोह्याहून एसटीने एकटीच घरी आली. उजव्या मनगटाला प्लास्टर. आईने विचारलं, "काय झालं गो?" ताई आधी म्हणाली, घसरले. मग हातपाय धुऊन ओटीवर बसली आणि म्हणाली, "नाय घसरले. पिरगाळला."

पाठोपाठ भावोजी आले, त्यांचा मोठा भाऊ आणि कंपनीच्या संघाचे मॅनेजर यांना घेऊन. आमची ओटी माणसांनी भरली. भावोजी सगळ्यांत मागे, दारूचा वास नाही, दाढी केलेली. मॅनेजरच जास्त बोलत होते. पुढे मोठी स्पर्धा आहे, पोलिसात गेलं तर खेळ संपेल, दारूने होतं असं माणसाकडून, गुडघ्याचंही टेन्शन आहे, मुलीने जरा समजून घ्यावं. वडील ऐकत होते. ते मोठ्या माणसांसमोर फारसे बोलत नाहीत.

शेवटी मॅनेजर भावोजींना म्हणाले, "बोल रे, तू पण काय ते बोल."

भावोजी खाली बघून म्हणाले, "हात उचलला गेला."

ताई आतल्या दारात उभी होती. "कोणी उचलला?"

"दारू जास्त झालेली."

"दारूला हात हायेत काय?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. भावोजींचा भाऊ म्हणाला, "अगं, आता मान्य करतोय ना तो!"

"कुठं मान्य करतायत? उचलला गेला म्हणतायत. मी उचलला असं म्हणा." मग ती सरळ नवऱ्याकडे बघून म्हणाली, "शेतात हात वर केलात तेव्हा सगळा गाव बघत होता. तसंच सांगा. तुमच्या संघासमोर, सगळ्या पोरांसमोर. मी मारलं, एवढंच. तेवढं झालं तरच मी पुढचा विचार करीन. नाय झालं तर मी पोलिसात जाईन."

मला त्याच महिन्यात कॉलेजात कर्मणी प्रयोग शिकवला होता. 'हात उचलला गेला.' कर्ता नसला तरी वाक्य पूर्ण होतं, असं सर म्हणाले होते. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. ओटीवर मात्र ते वाक्य मला पूर्ण वाटेना, आणि अपुरं म्हणावं तर कोणत्या नियमाने, तेही सुचेना.

मॅनेजर उठले, चपला घालता घालता वडिलांना म्हणाले, "बघा काका, आम्ही प्रयत्न केला. आता आम्ही हात वर केले. तुमचं तुम्ही बघा."

ते गेल्यावर वडील बराच वेळ तेवढंच बोलत राहिले. "हात वर केले म्हणे. सगळे हात वर करतात."

काही आठवड्यांनी ताईचे कपडे आणि आखणीचे ब्रश आणायला मला रोह्याला पाठवलं. ब्रशांचं मला कळेना. मनगट असं असताना तिला ते कशाला हवेत? विचारलं तर म्हणाली, "माझे हायेत म्हणून." कासूला गाडी पकडली. वाटेत मी ठरवत होतो की भावोजींना काय काय सुनावायचं. दार त्यांनीच उघडलं. घर झाडलेलं होतं. कपाटावर ढाली, खाली गुडघ्याचा पट्टा वाळत टाकलेला. त्यांनी स्वतः चहा केला, साखर जास्त पडली.

"कसा हाय हात तिचा?"

"प्लास्टर हाय अजून."

मग ते म्हणाले, "तू शिकलेला हायेस, तुला विचारतो. मला ती रात्र खरंच आठवत नाय. सकाळी उठलो तर ती शेजारच्या खालाकडे होती. जे आठवत नाय ते मी केलं, असं चारचौघांत कसं म्हणू? खोटं नाय का होणार ते?"

शिकलेला म्हणून मला कोणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मला त्यांचं म्हणणं खरं वाटलं. मग ताईचं प्लास्टर आठवलं आणि मला खरं वाटलं याचीच लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "त्या दिवशी बनियनला बोट लागलं ते कळलं कसं?"

"ते कळतं."

"बघितलंत?"

"नाय. बघायला वेळ कुठं असतो. समोरच्याच्या तोंडावर दिसतं ना, लागलं ते."

हे बोलून ते थांबले. कप हातात तसाच राहिला. मी ब्रश आणि पिशवी घेऊन निघालो. ते दारापर्यंत आले. गाडीत मला सारखं वाटत होतं की मी काहीतरी चुकीचं विचारलं. त्यांच्यावर ओरडायला गेलेला मी त्यांचा चहा पिऊन परत आलो होतो. ताईला काय सांगायचं? मी तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती ब्रश मोजल्यासारखे उलटसुलट करत होती. "समोरच्याच्या तोंडावर दिसतं," एवढंच ती पुन्हा म्हणाली.

त्यानंतर रोह्याहून काही कळेना. स्पर्धा जवळ आली. गावातले लोक वडिलांना विचारायचे, जावई खेळणार ना? ताईचं प्लास्टर निघालं, पण बोटं पूर्ण मिटत नव्हती. जोह्याच्या कारखान्यातून निरोप आला की यायचं तर ये, आखणी नाही जमली तर दुसरं काम देऊ. ती जाते म्हणाली. आई सारखी म्हणायची, "काय तो निर्णय कर गो," आणि ताई सारखी म्हणायची, "माझा झालाय. त्यांचा व्हायचा हाय."

एका संध्याकाळी आईच्या मोबाईलवर रोह्याच्या खालांचा फोन आला. ताईच्या शेजारच्या या मुसलमान मावशी, नवरा आखातात, त्यांनीच त्या रात्री ताईला दवाखान्यात नेलं होतं. आमच्याकडे रेंज धड नसते. आई अंगणात ओरडून "काय? काय?" करत राहिली आणि फोन तुटला. ती आत आली ती डोळ्यांना पदर लावूनच.

"संपलं. त्यानं हात वर केले म्हणतात. सगळ्या पोरांसमोर."

वडील खाटेवरून उठले आणि परत बसले. "मला वाटलंच होतं," म्हणाले.

ताईने मात्र विचारलं, "हात वर केले की हात वर केला?"

"आता त्याचं काय गो!"

"आये, नीट आठव. एक की दोन?"

आईला सांगता येईना. तिला एवढंच ऐकू आलं होतं की हात आणि वर. मी गोंधळून ताईकडे बघत होतो. ती म्हणाली, "दोन असतील तर मी उद्या पेणला पोलिसात जाते, तू माझ्याबरोबर यायचं. आणि एक असेल तर तो बाद. बाद झालेला बाहेर बसतो. आत कधी घ्यायचा, घ्यायचा की नाय, ते मी बघीन. ना तुम्ही, ना तो मॅनेजर."

मग तिने मोबाईल माझ्या हातात दिला. मी बांधावर जाऊन उभा राहिलो, तिथे रेंज मिळते. ताई माझ्या मागे येऊन उभी राहिली. खालांनी लगेच उचलला.

"खाला, भावोजींनी हात वर केले की केला?"

"अरे एकच हात रे बाळा, एकच! तुझ्या आईला मघापासून तेच सांगते," खाला म्हणाल्या. "सरावाला सगळी पोरं गोळा झालेली, माझा मुलगा होता ना तिथं. मॅनेजर नको नको म्हणत होता. यानं हात वर केला अन् बोलला, बायकोचं मनगट मी मोडलं, दारूनं नाय, मी. मला आठवत नाय तरी मीच. तिनं तक्रार दिली तर पोलिसांसमोर पण हेच सांगीन. मग रेषेच्या बाहेर जाऊन बसला. सराव संपला, पोरं घरी गेली, तरी तो बसलेलाच हाय अजून."