लाथेची जागा

गोंदियाकडच्या चोरखमारा गावाच्या अलीकडे मी ज्या गावात मास्तरकी करतो, तिथे शाळेसमोर चिंचेखाली एक दगडी पार आहे. चाळीस वर्षांपूर्वी तिथे एका गाजलेल्या पिच्चरचं शूटिंग झालं. पारावरचा जुलमी मालगुजार पायाशी हात जोडून बसलेल्या कास्तकाराला लाथ मारतो आणि सगळं थेटर रडतं. ती लाथ खाणारी पाठ आमच्या केवळराम मेश्रामांची.

त्यांना याचा कोण अभिमान! "सात खेपा लाथ खाल्ली जी, पन मुंडी वर नाही केली. डायरेक्टर मने, असा आदमी बंबईत भेटत नाही." पिच्चरमध्ये चेहरा तेवढा आला नाही, ही त्यांची कायमची खंत. धानाच्या रोवणीत असोत की लग्नाच्या पंगतीत, ऐकणारा भेटला की लाथ सुरू. त्यांची बायको कुसुमबाई म्हणायची, "लोक मेडल दाखवतेत, आमचा बुढा लाथ दाखवते."

पुढे शूटिंगच्या जागा पाहत फिरायची टूम निघाली. गोंदिया-नागपूरहून गाड्या येऊ लागल्या. मी कुडव्याहून फटफटीवर येणारा शिकलेला माणूस, म्हणून पाहुण्यांना पारापर्यंत नेणं माझ्याकडे आलं. प्रत्येकाला एकच फोटो हवा असे. आपण पारावर, पाय उचललेला, खाली केवळराम. माझाही तसा एक आहे. केवळराम हौसेने बसत, पण हळूच मान कॅमेऱ्याकडे वळवत. लगेच कोणीतरी ओरडे, "काका, चेहरा नको, पाठ!"

त्यांचा मुलगा संघदीप चिडायचा. "बाबा, काऊन बसता लोकाईच्या पायाशी?"

"अरे, पिच्चर अन्यायाच्या खिलाफ आहे," केवळराम त्याला समजावत.

२००९च्या हिवाळ्यात नागपूरच्या एका फिल्म क्लबचे वीस जण आले. त्यांच्या प्राध्यापकांनी पारासमोर शोषणावर भाषण केलं. बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले. मग रुमालाने दगड झटकून ते पारावर बसले आणि फोटो खरा वाटावा म्हणून बुटाचा पाय केवळरामांच्या पाठीवर टेकवला.

केवळराम उठले. मला वाटलं, आता शिवी येते. पण ते शांतपणे म्हणाले, "सर, यक फोटो माहाही काढा. मी वर बसतो, चेहरा सामने. तुमच्यातला कोनी खाली बसा."

सगळे हसले. केवळराम खरोखरच पारावर जाऊन बसले, तेव्हा हसू थांबलं. प्राध्यापकांचे गुडघे दुखू लागले. एका बाईंना धुळीची ॲलर्जी निघाली. एकाला फोन आला, आणि आमच्या गावात तेव्हा रेंज नव्हती. बाकीच्यांनी चिंचेच्या वयाची चर्चा काढली. अन्यायाविरुद्ध वीस माणसं जमली होती आणि पायाशी बसायला एक मिळेना. मला त्यांची लाज वाटली.

"जाऊ द्या, हे पाहुने हाएत," केवळराम म्हणाले. "गुरुजी, तुमी तं आपले. तुमी बसा."

मी मागे पाहिलं. माझा सातवीचा अख्खा वर्ग शाळेच्या फाटकात उभा होता.

"पोरं पाहून राहिली, केवळरामजी," मी म्हणालो.

"मी बसत होतो तवाही हेच पोट्टे पाहत होते ना जी," ते म्हणाले आणि पारावरून उतरले.