पाहुण्यांच्या नावाचा फोल्डर

नायब तहसीलदारांचा फोन आला तेव्हा दुपार कलली होती आणि पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीमागे डोंगराला भेग दिसली होती. अंधार पडायच्या आत घरे रिकामी करून माणसांना दुसऱ्या गावच्या शाळेत हलवायचे होते. वाडी उठायला तयार नव्हती.

वाडीचे म्हणणे सरळ होते. भेग जुनीच आहे. भाताची लावणी अर्ध्यावर आली आहे आणि गुरे कुठे न्यायची? साहेबांना त्या जागेचा जुना फोटो हवा होता. भेग नवी आहे हे लोकांना डोळ्यांनी दिसले तरच ते उठतील, असे ते म्हणाले.

मी महाडला एका दैनिकाच्या कार्यालयात फोटो सांभाळतो. वाडीचे नाव टाकून हार्ड डिस्कवर सर्च केले. काही आले नाही.

याला कारण आमची पद्धत. फोटोग्राफर कार्यक्रमावरून आला की फोल्डरला प्रमुख पाहुण्यांचे नाव देतो, कारण दुसऱ्या दिवशी फोटो मागायला फोन त्यांचाच येतो. आतल्या फाइलना कॅमेऱ्याने दिलेले नंबर तसेच राहतात. सर्च फक्त नाव वाचते, आतले चित्र बघत नाही. त्यामुळे आमच्या डिस्कवर गावे नव्हती, पाहुणे होते.

फोटोग्राफर दिनेशला फोन लावला. या वाडीत कधी गेला होतास, असे विचारले.

"गेलो असेन, सर. कोण आलं होतं ते सांगा, लगेच काढून देतो."

"तेच तुला विचारतोय."

मग वाडीच्या पोलीस पाटील सुनंदाताईंना गाठले. रेंज तुटत होती. सगळ्यात खालचे घर त्यांचेच, आणि त्यांची सासूही उठत नव्हती.

"टाकीच्या उद्घाटनाला कोनतरी आलते. नाव कोन ध्यानात ठेवतंय? नारळ फोडला नि गेले." मग त्यांना आठवले. "फेटा कमी पडला त्या दिवशी. सरपंचांचा काढून पाहुन्यांच्या मानसाला बांधला. फोटूत तोंड बघा सरपंचांचं."

आमच्या भागात उद्घाटनाचा नारळ फोडायला बहुतेक वेळा स्थानिक नेते दादाच येतात. डिस्कवर 'दादा', 'दादा नवीन', 'दादा फायनल' असे बरेच फोल्डर होते. एकेक उघडत गेलो. सगळीकडे तेच फेटे, तोच नारळ. मी बोडक्या डोक्याचा सरपंच शोधत होतो. साहेबांचे फोन येत राहिले. बाहेर उजेड कमी होत होता.

'दादा नवीन २' मध्ये तो सापडला, बोडका आणि रुसलेला. मागे पाण्याची टाकी, तिच्यामागे विजेचा खांब, सरळ उभा. वरचा उतार अखंड हिरवा. तलाठ्याने सकाळी काढलेला फोटो साहेबांनी पाठवला होता; त्यात तोच खांब घरांकडे कलला होता आणि त्याच्या वर मातीची लाल रेघ होती.

दोन्ही फोटो शेजारी लावून सुनंदाताईंना पाठवले. मग त्यांचा फोन आला.

"भेग जुनी म्हनत सरपंचच अडून बसलेले. फोटू बघितला. जाऊन पयली आपली गुरं सोडली. आता समदी शाळेत हायेत. सासू पन."

पहाटे उतार खाली आला. टाकी गेली, खालची घरे गेली. माणसे शाळेत होती.

आता आमच्याकडे फोल्डरला आधी तारीख, मग गाव, मग विषय लिहितात. पाहुण्यांचे नाव शेवटी.

त्याच आठवड्यात दादांच्या कार्यालयातून फोन आला. वाहून गेलेल्या टाकीजवळचा दादांचा फोटो छापू नये, अशी विनंती होती. मी गावाचे नाव विचारले. ते त्यांना आठवत नव्हते.